नमुन्याची पट्टी

सकाळचे ऊन आमच्या तपासणी केंद्रात दाराच्या काचेतून येते आणि आधी समोरच्या भिंतीवर पडते. साडेसातचा सुमार असतो. ऊन म्हणावे इतका जोर त्याच्या अंगात अजून आलेला नसतो. जुन्या, विरलेल्या कापडातून गाळून घेतल्यासारखा तो फिकट पिवळा उजेड असतो, आणि भिंतीला टेकताना तो जरा बिचकतो असे मला नेहमी वाटते. काचेवर 'हृदय तपासणी' अशी निळी अक्षरे आहेत. आत बसणाऱ्याला ती उलटी दिसतात, पण त्यांची सावली भिंतीवर सुलटी उमटते. मग सूर्य जसजसा वर चढतो तसतशी ती अक्षरे भिंतीवरून खाली घसरू लागतात. कॅलेंडरच्या खिळ्यावरून, हात धुण्याच्या भांड्याच्या कडेवरून ती तपासणीच्या पलंगावर येतात, चादरीच्या सुरकुत्यांत थोडी वाकडी होतात, आणि मग फरशीवर उतरून हळूहळू दाराकडे परत निघतात. नऊला पहिला रुग्ण येतो तेव्हा ती उंबरठ्याशी पोचलेली असतात, आणि येणारा प्रत्येक जण नकळत त्यांच्यावर पाय देऊन आत येतो. मधल्या काळात, अक्षरे पलंगावर असताना, त्या पलंगावर माझे वडील झोपलेले असत. अक्षरे त्यांनीच रंगवलेली.

बाबा पाट्या रंगवतात. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. पट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा या भागातला बहुधा शेवटचा हात त्यांचा असावा. मीही एका अर्थी रेघाच काढतो. रुग्णाच्या हातापायांना चार चिमटे आणि छातीवर सहा रबरी कप, म्हणजे आमच्या भाषेत लीड, लावले की यंत्रातून कागदाची पट्टी सरकू लागते आणि तिच्यावर हृदयाची रेघ उमटते. आधी एक छोटी लाट, मग उंच सुळका, मग एक ठेंगणी, गोलसर टेकडी. पुन्हा तेच, पुन्हा तेच. कप चिकटण्यासाठी त्यांतली हवा दाबून काढावी लागते, त्यामुळे ते काढल्यावर छातीवर काही वेळ सहा लालसर वर्तुळे राहतात.

रुग्ण येण्यापूर्वी यंत्र नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी रोज एका धडधाकट माणसाची पट्टी काढायची आणि तारीख घालून वहीत चिकटवायची, ही आमच्या केंद्राच्या डॉक्टरांची शिस्त आहे. तिला आम्ही नमुन्याची पट्टी म्हणतो. सहा वर्षांपूर्वी मी कामाला लागलो तेव्हा असा माणूस रोज सकाळी कुठून पैदा करावा हा प्रश्न मला पडला होता. कुणाला विनंती करायची म्हटले की माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. बाबा म्हणाले, "मी आहे की. पाच मिनिटं पाठ टेकायला कोण नाही म्हणेल?"

तेव्हापासून रोज ते ब्रशांची पिशवी दाराशी ठेवत, सदरा काढून पलंगावर झोपत, आणि पट्टी निघाली की दुसऱ्या कुणा पाटीवाल्याचे काम तपासावे तशी ती उजेडात धरून पाहत. "आज अक्षर जरा बारीक आहे," असे म्हणत. डॉक्टर त्यांना 'नमुनेदार' म्हणतात. "काय नमुनेदार, चालू आहे ना हृदय?" असे त्यांनी विचारले की बाबांचे उत्तर ठरलेले: "तुमचं यंत्र बंद पडेल साहेब, माझं नाही."

त्या सहा वर्षांत वहीच्या नऊ वह्या झाल्या. कुणा रुग्णाच्या पट्टीत वेगळे काही दिसले की मी मनातल्या मनात त्या माणसाची रेघ बाबांच्या रेघेवर ठेवून पाही. माझ्या सगळ्या जगाचे मोजमाप त्या एका टेकडीवर उभे होते. हे मी कधी कुणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काही आहे असेही मला तेव्हा वाटले नव्हते.

सोमवारी पट्टी निघाली आणि मी ती पाहण्याआधी बाबांनीच पाहिली.

"अरे, हे काय? इथे रोज टेकडी असते. आज खड्डा आहे."

मी वाकून पाहिले. छातीवरच्या सहा कपांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या कपाच्या रेघेत सुळक्यानंतरची लाट वर जाण्याऐवजी खाली गेली होती.

"कप सरकला असेल बाबा," मी म्हणालो. "लीड चुकली."

"तुझी? तुझी नाही चुकत."

"चुकते हो कधीकधी. पुन्हा काढू."

मी कप काढले. बाबा उठून बसले. पलंगाचा एक पाय डुगडुगत होता, तो त्यांना बरेच दिवस खटकत होता. आता वेळ मिळाला म्हणून त्यांनी खाली उतरून, पलंग एका हाताने उचलून, पायाखाली कागदाची घडी सरकवली. पुन्हा आडवे झाले तेव्हा ते तळहाताने छातीचे हाड चोळत होते.

"काय होतंय?"

"काही नाही रे. जरा जड वाटतंय. नुसत्या पोटी चहा घेतला ना. तुझी आत्या ओरडतच होती."

मी पुन्हा कप लावले. या वेळी टेकडी जागेवर होती, रोजच्यासारखी गोल, सुलटी. "बघा, आली," मी म्हणालो, आणि माझ्या स्वतःच्या आवाजातला आनंद मला जरा जास्तच वाटला. थोड्या वेळाने त्यांची छातीही हलकी झाली. ते पिशवी उचलून गेले. दुसरी पट्टी मी वहीत चिकटवली. पहिलीच्या मागे तारीख आणि 'लीड चुकली' असे लिहिले. ती फाडून टाकायला हवी होती. हात धजावला नाही. घडी करून मी ती बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

संध्याकाळी मी बाबांना सांगितले, "दोन-चार दिवस येऊ नका. यंत्राची दुरुस्ती आहे." दुरुस्ती वगैरे काही नव्हती. मंगळवारी आणि बुधवारी मी समोरच्या औषधाच्या दुकानदाराच्या हातापाया पडून त्याला पलंगावर झोपवले. अनोळखी माणसाशी इतके मी त्या वर्षभरात बोललो नव्हतो.

गुरुवारी सकाळी अकराला आत्याचा फोन आला. ही बाबांची धाकटी बहीण. आई गेल्यापासून आमच्याकडेच असते आणि घरातले बोलण्याचे सगळे काम तीच पाहते.

"घुम्या, ऐक. घाबरू नकोस. दादा शिडीवरून उतरून बसलाय. पडला नाही, उतरला. छातीत जड वाटतंय म्हणतो आणि अंगाला दरदरून घाम सुटलाय. मी त्याला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन निघालेय. तो म्हणतोय रंग वाळेल. मी म्हटलं वाळू दे."

मी पोचलो तेव्हा तातडीच्या विभागातल्या तिसऱ्या पलंगावर बाबा टेकून बसले होते. बोटांच्या टोकांना पिवळा रंग होता आणि चेहऱ्याचा रंग मात्र उतरला होता. आत्या पदराने त्यांना वारा घालत होती.

"सांग रे हिला," बाबा म्हणाले, "वर पंखा आहे म्हणावं."

"पंखा तुझं ऐकत असेल, मला त्याचा भरवसा नाही," आत्या म्हणाली.

विभागातला तरुण डॉक्टर माझ्याच वयाचा असावा. त्याने आधीच रक्त पातळ राहण्याची गोळी चघळायला दिली होती. हातातली पट्टी त्याने मला दाखवली. टेकड्या सुलट्या होत्या.

"तुम्ही ईसीजीच काढता ना? यांची जुनी पट्टी आहे का एखादी?"

मी येताना शेवटची वही सोबत आणली होती. त्याने पाने उलटली. सोमवारची पट्टी, त्याआधीच्या शनिवारची, शुक्रवारची, आणि आजची. त्याचा चेहरा सैल झाला.

"अगदी तंतोतंत. म्हणजे हा यांचा नेहमीचाच आलेख आहे. रक्ताची पहिली तपासणीही ठीक आली आहे. तीन तासांनी पुन्हा एकदा रक्त पाहू. तेही ठीक आलं तर घरी सोडू. बहुतेक पित्त असावं."

"मी म्हटलं नव्हतं?" बाबा आत्याला म्हणाले. "चहा."

आत्याने डोळे मिटून हात जोडले आणि लगेच डोळे उघडून त्यांना दम भरला, "घरी चल, मग बघते तुझ्या चहाकडे."

त्या क्षणी मला किती बरे वाटले हे सांगायला मला लाज वाटते. त्या डॉक्टरने माझ्याच वहीवर विसंबून, माझ्याच दुसऱ्या पट्टीच्या आधारे, मला हवे होते तेच म्हटले होते. आता फक्त गप्प बसायचे होते, आणि गप्प बसणे मला जन्मजात येते. बॅग माझ्या मांडीवर होती. खिडकीतून आलेल्या दुपारच्या उन्हात बाबा पुन्हा तळहाताने छातीचे हाड चोळू लागले. सोमवारी चोळत होते तसेच, त्याच जागी, त्याच संथपणे.

"अजून जड आहे?" मी विचारले.

"आहे जरासं. तू नको तोंड एवढंसं करून बसू. हे म्हणतात ना ठीक आहे."

मी उठलो. तरुण डॉक्टर दुसऱ्या पलंगाकडे गेला होता, पण हृदयविभागाच्या मोठ्या डॉक्टर मॅडम टेबलापाशी उभ्या राहून कुणाची तरी कागदपत्रे वाचत होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांच्यासमोर मी इतका वेळ नुसता उभा राहिलो, की शेवटी त्यांनीच विचारले, "काय हवंय?"

"ही... पट्टी. तिसऱ्या पलंगावरचे... माझे वडील आहेत. सोमवारची. म्हणजे ही खराब आहे. लीड चुकली होती. पण म्हटलं दाखवावी."

त्यांनी घडी उलगडली, चष्मा खाली ओढला. एकेका कपाची रेघ त्यांनी जवळ धरून तपासली.

"लीड चुकली असं कुणी सांगितलं?"

"मीच. मीच काढली होती."

"हे बघा. कप वर सरकला असता तर सुरुवातीची छोटी लाटही बदलली असती. ती जशीच्या तशी आहे. तुम्ही रोज हेच काम करता ना? तुम्हाला ठाऊक असणार." आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला मान वर करता येईना. "ही काढली तेव्हा त्यांना दुखत होतं?"

"नाही."

"मग दुसरी पट्टी काढलीत, ती सुलटी आली. तेव्हा?"

"तेव्हा... छाती चोळत होते. जड वाटतंय म्हणाले."

"दुखत नसताना उलटी, दुखताना सुलटी." त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट टेकवले. "हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी जी मोठी रक्तवाहिनी असते ना, ती आतून अरुंद झाली आणि तिथे गुठळी धरू लागली की असं होतं. गुठळी जरा सुटली, रक्त वाहू लागलं, की माणसाला बरं वाटतं आणि उपाशी राहिलेला स्नायू ही लाट उलटी दाखवतो. गुठळी पुन्हा बसली की दुखू लागतं आणि लाट सुलटी होते. आणि सुलटी दिसली की आपण सगळे निश्चिंत होतो." त्यांनी तिसऱ्या पलंगाकडे पाहिले. "आत्ता दुखतंय त्यांना?"

"हो."

"आणि आत्ताची पट्टी सुलटी." त्या वळल्या आणि तरुण डॉक्टरला हाक मारून म्हणाल्या, "तीन नंबर घरी जाणार नाहीत. अँजिओग्राफीची खोली तयार करायला सांग, आत्ताच्या आत्ता." मग जाता जाता माझ्याकडे वळून, "दुसऱ्या वेळी कप किती सरकवले होते तुम्ही?"

"एखाद बोट," मी म्हणालो.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि त्या गेल्या.

पुढचे सगळे भराभर झाले. बाबांनी कागदावर सही केली. सही करतानाही अक्षर सुबक काढायला ते विसरले नाहीत. ढकलगाडी हलताना आत्याने बाबांच्या बोटांवरचा पिवळा रंग पदराने पुसायचा प्रयत्न केला.

"राहू दे ग," बाबा म्हणाले. "रॉकेलशिवाय निघत नाही तो."

मी त्याच धंद्यातला म्हणून मॅडमनी मला काचेपलीकडच्या छोट्या खोलीत उभे राहू दिले. बाबा अरुंद टेबलावर जागेच होते. मनगटापाशी फक्त तेवढा भाग बधिर केला होता. तिथून एक बारीक नळी आत सरकत गेली. भिंतीवरच्या छोट्या कर्ण्यातून आतले बोलणे मला ऐकू येत होते.

"आता आत रंग सोडणार आहोत, आजोबा. म्हणजे रक्तवाहिन्या पडद्यावर दिसतील. अंगातून गरम लाट गेल्यासारखं वाटेल."

"रंग?" बाबा म्हणाले. "मग मला विचारा की. एक हात मारणार की दोन?"

आतले सगळे हसले. मी हसलो नाही, पण काचेवर माझ्या श्वासाचे धुके जमले आणि ते मला पुसावे लागले.

पडद्यावर करड्या पार्श्वभूमीवर काळा रंग पसरला. पाने झडलेल्या झाडाच्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या उमटल्या, ठोक्यागणिक हलणाऱ्या. पुढून खाली उतरणारी मोठी फांदी अर्ध्यावर आली आणि रंग तिथे अडखळला. एका बारीक फटीतून थोडासा पुढे झिरपला. त्या जागी आत काहीतरी बसले होते. त्याची कड धूसर होती, कुणीतरी रेघ ओढता ओढता अंगठ्याने फासल्यासारखी. चाळीस वर्षे सरळ रेघा ओढणाऱ्या माणसाच्या आत ती रेघ अशी तुटली होती.

रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन गेले. मॅडमनी दुसरी, जरा जाड नळी त्या जागेपर्यंत नेली आणि मागून पिचकारी ओढली. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा पिचकारीत गडद काहीतरी आले. त्यांनी ते जाळीच्या कापडावर गाळून काचेपाशी आणून मला दाखवले. डाळिंबाच्या दाण्याएवढी, काळसर लाल, मऊ गुठळी. एवढीशी. सोमवारपासून त्या दाण्याच्या मर्जीवर आमचे घर चालले होते. मग त्या अरुंद जागी एक फुगा फुगवून वाट मोकळी केली गेली, तारेच्या बारीक जाळीची नळी तिथे बसवली गेली, आणि पुन्हा रंग सोडला तेव्हा तो न थांबता थेट टोकापर्यंत गेला.

"छातीतलं जड वाटणं?" मॅडमनी विचारले.

बाबांनी जरा वेळ विचार केला. "गेलं," ते म्हणाले. "कुणीतरी बसलं होतं ते उठून गेल्यासारखं."

बाहेर आल्यावर मॅडम आत्याला म्हणाल्या, "ती जुनी पट्टी मिळाली म्हणून वेळेत कळलं. तीन तास थांबलो असतो तर पुढचं सांगता येत नव्हतं." आत्या माझ्या दंडाला धरून रडली आणि रडता रडता सगळ्यांना सांगत सुटली, "आमच्या घुम्याने आणली हो ती. बोलत नाही, पण लक्ष असतं त्याचं."

लोक माझ्या गप्प राहण्याला विनय समजले.

शनिवारी सकाळी मी वॉर्डात गेलो तेव्हा खिडकीतले ऊन बाबांच्या पलंगाच्या कठड्यावर होते. नर्स नुकतीच पट्टी काढून गेली होती. सदरा उघडाच होता. बाबा पट्टी उजेडात धरून पाहत होते, आणि त्यांच्या फाइलमधून काढलेली सोमवारची पट्टी त्यांनी चादरीवर शेजारी ठेवली होती.

"बघ, खड्डा आहे अजून," ते म्हणाले. "मॅडम म्हणाल्या भरून निघेल थोड्या दिवसांत. स्नायू दमलाय म्हणे, त्याला विश्रांती हवी."

"हो. भरतो तो."

त्यांनी सोमवारची पट्टी उचलली, उलटी केली. मागे माझे अक्षर होते. त्यांनी ते वाचले. दोनच शब्द, पण वेळ लागला त्यांना.

"अक्षर वळणदार आहे तुझं. माझ्यावर गेलंय." त्यांनी पट्टी पुन्हा खाली ठेवली. "मी तुला म्हटलं होतं ना, तुझी चुकत नाही."

मी खुर्ची ओढून बसलो. त्यांच्या छातीवर नर्सने लावलेल्या कपांच्या सहा खुणा अजून होत्या, गोल, लालसर, उन्हात विरत चाललेल्या. सोमवारीही त्या अशाच होत्या. पहिल्यांदा कप काढल्यावर मी वाकलो होतो, कुठला सरकला ते पाहायला, आणि सहा वर्षांत रोज पाहिलेल्या जागी त्या सहाच्या सहा होत्या. दोन बरगड्यांच्या मधे बोट टेकवून मी त्या पुन्हा मोजल्याही होत्या. मग मी घाईने कप पुसायला घेतले होते, बाबांना काही कळू नये म्हणून.

बाबांनी त्यांचा हात माझ्या हातावर ठेवला. नखांच्या कडेला पिवळा रंग होताच.

"काय रे? एवढा कसला विचार करतोस?"

"बाबा," मी म्हणालो, "दुसऱ्या वेळी मी कप जराही हलवले नव्हते. त्याच खुणांवर पुन्हा लावले होते."